ॲपचा डेटा एक्स्टर्नल ड्राइव्हवर हलवला तरी सी ड्राइव्ह परत परत भरतोय, त्यावर काय केलं

सी ड्राइव्हची ती लाल पट्टी मी तीनदा घालवली आणि तिन्ही वेळा ती परत आली. फोटो कॅटलॉगचं एक ॲप वापरतो, त्याचा कॅटलॉग, थंबनेल, प्रीव्ह्यू सगळं मिळून १४० जीबीच्या आसपास, आणि लॅपटॉपची एसएसडी २५६ जीबीची, म्हणजे विंडोज आणि बाकीची ॲप्स धरली की गणित बसतच नाही. म्हणून डेटा एक्स्टर्नल हार्डडिस्कवर टाकला, सी मोकळा झाला, मी खूश. दहा-बारा दिवसांनी बघतो तर पहिले पाढे पंचावन्न.

डेटा हलवायचा कसा हे शोधलं की ढीगभर सापडतं, पण हलवल्यावर तो परत सी वर का येऊन बसतो हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय. सगळं विंडोजवरचं आहे, मॅक आणि लिनक्सचं थोडं शेवटाकडे आहे.

आधी एक बघून घ्या, डेटा खरंच परत आलाय की मुळात गेलाच नव्हता. कॉपी करून जुना फोल्डर साधा डिलीट केला असेल तर तो रिसायकल बिनमध्ये असतो आणि रिसायकल बिन म्हणजे सी ड्राइव्हच, जागा एक एमबी पण सुटत नाही. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर त्याच्या जुन्या प्रतींमध्येही काही जागा अडकते. आणि जंक्शन लावलं असेल (ते काय ते पुढे येतंच) तर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघू नका, तिथे कधी कधी एक्स्टर्नलवरचा साइज सुद्धा मोजला जातो आणि आपण उगाच घाबरतो. खरा आकडा एकच, धिस पीसी मध्ये सी ड्राइव्हखाली किती जागा फ्री दिसते तो.

माझ्या बाबतीत डेटा खरंच परत आला होता. ॲपच्या मूळ जागी, म्हणजे ॲपडेटाच्या आत, त्याच नावाचा ताजा फोल्डर तयार झाला होता. ॲपडेटा हिडन असतो, विंडोज की आणि आर दाबून रनच्या खिडकीत दोन पर्सेंट चिन्हांच्या मध्ये ॲपडेटा टाइप केलं की थेट रोमिंग उघडतं, लोकलॲपडेटा टाइप केलं की लोकल. बरीच ॲप्स मोठा कॅश लोकलमध्ये ठेवतात आणि सेटिंग्ज रोमिंगमध्ये, त्यामुळे दोन्ही बघा.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कळायला मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीचा. त्या नव्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथली क्रिएटेडची तारीख आणि वेळ. माझ्या फोल्डरची वेळ होती सकाळी ९ वाजून ७ मिनिटं. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधला सिस्टिम लॉग बघितला तर लॅपटॉप चालू झाला होता ९ वाजून ६ मिनिटांनी. एका मिनिटात सगळा खेळ झालेला! ॲप स्टार्टअपला लावलेलं, लॉगिन झाल्या झाल्या ते उघडलं, हार्डडिस्क बिचारी अजून फिरायला लागतेय, ॲपने दिलेला पाथ शोधला, सापडला नाही, आणि त्याने चूपचाप डीफॉल्ट जागी नवा कॅटलॉग सुरू केला. ना एरर, ना विचारणा. त्यानंतर दहा दिवस मी जे काही इम्पोर्ट केलं ते सगळं सी वर.

तर मूळ दुखणं जागेचं नाहीच. ड्राइव्ह नसताना ॲपने बोंब मारायला पाहिजे, ते बोंब न मारता स्वतःची सोय करून घेतं, हे दुखणं आहे. पुढचं सगळं जे सांगतोय ते ॲपला ही गुपचूप सोय करू न देण्यासाठी.

पहिल्या वेळचा उपाय सोपा होता. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन ॲप डिसेबल केलं आणि टास्क शेड्युलरमधून लावलं, ट्रिगर ॲट लॉग ऑन आणि त्यातच डिले टास्क फॉर मध्ये एक मिनिट. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) लावला असेल तर नुसता डिले पुरणार नाही, कारण पासवर्ड टाकेपर्यंत ड्राइव्ह बंदच असतो, तिथे ऑटो-अनलॉक चालू करायला लागतं. किंवा सरळ ॲप हाताने उघडायची सवय लावा, मला ती लागत नाही.

दुसऱ्यांदा: ड्राइव्हचं लेटर बदललं

तीन आठवडे बरे गेले. मग परत तेच. या वेळी क्रिएटेडची वेळ दुपारची, स्टार्टअपशी काही संबंध नाही. त्या दिवशी काय केलं होतं आठवायला जरा वेळ लागला, पण आठवलं. कॅमेऱ्याचं कार्ड आधी लावलं होतं आणि हार्डडिस्क नंतर. एरवी हार्डडिस्कला ई मिळायचा, त्या दिवशी ई कार्डने पटकावला आणि हार्डडिस्क एफ झाली. ॲपच्या सेटिंगमध्ये पाथ ई चा. ई वर कार्ड, त्यावर कॅटलॉग नाही, चला परत सी वर.

विंडोज लेटर लक्षात ठेवतं, नाही असं नाही, पण लावताना ते लेटर दुसऱ्या कोणाकडे असेल तर पुढचं मोकळं देऊन टाकतं. आणि आपोआप दिलेली लेटर्स सुरुवातीचीच असतात, डी, ई, एफ, जिथे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर सगळ्यांची गर्दी. म्हणून डिस्क मॅनेजमेंट उघडा (स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत दिसतं), आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, आणि शेवटाकडचं एखादं लेटर द्या, आर किंवा एक्स वगैरे. तिथे सहसा कोणी येत नाही.

पण माझं मत विचाराल तर लेटरवर अवलंबूनच राहू नका. त्याच खिडकीत ॲड दाबलं की दुसरा एक पर्याय येतो, ड्राइव्ह एखाद्या रिकाम्या एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा डिस्क फॉरमॅट) फोल्डरमध्ये माउंट करायचा, म्हणजे जोडायचा. सी वर एक रिकामा फोल्डर करायचा, समजा नाव दिलं फोटोडिस्क, आणि ड्राइव्ह तिथे माउंट करायचा. मग तो फोल्डर उघडला की हार्डडिस्कच्या आतलं सगळं दिसतं, आणि जागा मात्र हार्डडिस्कचीच वापरली जाते. हे नातं लेटरशी नसतं, त्या व्हॉल्यूमच्या स्वतःच्या आयडीशी असतं, त्यामुळे लेटर ई असो, एफ असो, नसलं तरी चालतं. ॲपला पाथ द्यायचा सी मधल्या फोटोडिस्कच्या आतला. आणि गंमत म्हणजे ड्राइव्ह काढलेला असताना तो फोल्डर रिकामा दिसत नाही, उघडायला गेलं की एरर येतो, म्हणजे ॲप तिथे नवीन काही तयार करू शकत नाही. आपल्याला हवं होतं ते हेच.

ज्या ॲपमध्ये डेटाची जागा बदलायची सेटिंगच नाही तिथे जंक्शन. म्हणजे मूळ जागी फोल्डरसारखी दिसणारी एक पाटी, ॲपला वाटतं डेटा इथेच आहे, प्रत्यक्षात तो दुसरीकडे. कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक, मग स्लॅश जे, मग मूळ जागेचा पूर्ण पाथ आणि मग डेटा जिथे हलवलाय तो पाथ, दोन्ही डबल अवतरणात. क्रम कॉपीच्या उलटा आहे बरं, आधी पाटी, मग खरं घर. मी पहिल्यांदा उलटं लिहिलं होतं आणि दहा मिनिटं एररकडे बघत बसलो. मूळ जागी जुना फोल्डर अजून असेल तर फाइल आधीच आहे असा एरर येतो, तेव्हा जुन्याचं नाव आधी बदला, डिलीट नको, फक्त नावापुढे ओल्ड लावा. आणि हे पॉवरशेलमध्ये तसंच्या तसं चालत नाही, कारण एमकेलिंक ही जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या आतलीच कमांड आहे. स्लॅश जे ला ॲडमिन लागत नाही, स्लॅश डी ला, म्हणजे सिमलिंकला (जंक्शनसारखीच दुसऱ्या प्रकारची पाटी), लागतो, नाहीतर डेव्हलपर मोड चालू पाहिजे. नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी मात्र जंक्शन चालत नाही, तिथे सिमलिंकच.

पाटी काढायची असेल तर आरएमडीआयआर, पुढे काही स्लॅश बिश न लावता, त्याने फक्त पाटी जाते आणि डेटा राहतो. डेल कमांड तिथे अजिबात चालवू नका, ती पाटीच्या पलीकडे जाऊन खऱ्या फायली उडवते.

तिसऱ्यांदा: पाटीच गायब

जंक्शन लावून निवांत झालो आणि दोन महिन्यांनी ॲपचा मोठा अपडेट आला. अपडेटने स्वतःचा कॅश फोल्डर काढून नव्याने तयार केला, आणि तो काढताना माझं जंक्शन गेलं, त्या जागी साधा खराखुरा फोल्डर. डेटाला काही झालं नाही, तो हार्डडिस्कवर तसाच होता, पण ॲप परत सी वर लिहायला लागलं. हे ओळखायला कमांड प्रॉम्प्टमध्ये वरच्या फोल्डरमध्ये जाऊन डीआयआर स्लॅश एएल चालवा. पाटी शाबूत असेल तर नावाआधी जंक्शन असं लिहून येतं आणि पुढे चौकोनी कंसात ती कुठे जाते ते. यादीत नावच नसेल तर पाटी गेली. मोठा अपडेट झाला की मी आता एवढी एक कमांड मारतो, पाच सेकंदांचं काम.

आणि ॲप आत्ता या क्षणी नक्की कुठे लिहितंय हे डोळ्याने बघायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर, त्यात डिस्क टॅब, ॲपच्या नावापुढे टिक करा, खाली डिस्क ॲक्टिव्हिटीमध्ये फाइलचा पाथ दिसतो आणि सेकंदाला किती बाइट लिहिले जातायत तेही. एखादा फोटो इम्पोर्ट करा आणि त्या यादीकडे बघा. मला तिथे कळलं की कॅटलॉग हार्डडिस्कवर गेला होता पण प्रीव्ह्यू मात्र दुसऱ्याच एका फोल्डरमध्ये, तो लोकलमधला, सी वरच चालू होते. सेटिंगमध्ये डेटा लोकेशन बदललं म्हणजे सगळं गेलं असं नसतं, कॅश, लॉग, टेम्प यांचे पाथ वेगळे असू शकतात.

दोन कॅटलॉग झालेत, आता काय

हे सगळ्यात नाजूक. इथे घाई केली तर खरं नुकसान होतं. हार्डडिस्कवर जुना मोठा कॅटलॉग आणि सी वर गेल्या दहा दिवसांचा छोटा, दोघांची नावं सारखी. पहिला मोह होतो की छोटा उचलून मोठ्यावर टाकावा, विंडोज विचारतं रिप्लेस करू का, आपण हो म्हणतो, आणि चार वर्षांचा कॅटलॉग दहा दिवसांच्या कॅटलॉगने पुसला जातो. फोल्डर मर्ज होतात, पण आतली डेटाबेस फाइल मर्ज होत नाही, ती सरळ बदलली जाते.

मी असं केलं. ॲप पूर्ण बंद केलं, टास्क मॅनेजरमध्ये बघून त्याची मागची प्रोसेससुद्धा बंद केली. सी वरच्या फोल्डरला नाव दिलं छोटा, तारखेसकट. हार्डडिस्कवरच्या मोठ्याची एक वेगळी कॉपी करून ठेवली. मग ॲपमधून छोटा उघडला, त्यातले फोटो टॅग आणि रेटिंगसह एक्स्पोर्ट केले, मग मोठा उघडून त्यात ते इम्पोर्ट केले. ॲपमध्ये दुसरा कॅटलॉग इम्पोर्ट करायची सोय असेल तर अजूनच बरं. पंधरा दिवस छोटा तसाच ठेवला आणि मग डिलीट केला. वेळ गेला, पण एकही फोटो गेला नाही.

कॉपी करतानाची एक गोष्ट इथेच सांगतो. बऱ्याच ॲपचा डेटाबेस एसक्यूलाइट प्रकारचा, म्हणजे सगळा डेटा एका मुख्य फाइलमध्ये ठेवणारा, असतो आणि त्याच्या मुख्य फाइलशेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम शेपटी असलेल्या दोन फायली दिसतात. ॲप चालू असताना ताजे बदल त्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये असतात. फक्त मुख्य फाइल उचलली तर ते बदल मागे राहतात, कधी कधी डेटाबेस उघडतच नाही. ॲप नीट बंद केलं की एरवी त्या दोन्ही फायली आपोआप नाहीशा होतात, तेवढं झालेलं बघूनच कॉपी करायची.

शंभर जीबीच्या वर छोट्या फायली असतील तर एक्स्प्लोररमधून कट-पेस्ट नको, मधेच केबल हलली तर अर्धं इथे अर्धं तिथे. रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरा, स्लॅश ई लावून, म्हणजे रिकाम्या सबफोल्डरसकट सगळं येतं. स्लॅश आर कोलन एक आणि स्लॅश डब्ल्यू कोलन एक नक्की लावा, कारण न वाचता आलेल्या फाइलवर रोबोकॉपी बाय डीफॉल्ट १० लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं, म्हणजे एका खराब फाइलवर ते म्हातारपणापर्यंत बसेल. स्लॅश एक्सजे लावलं तर वाटेतली जंक्शन ते सोडून देतं, नाहीतर त्यांच्या मागे जाऊन कुठल्या कुठे पोचतं. स्लॅश एमआयआर मात्र माहीत असल्याशिवाय लावू नका, सोर्समध्ये नसलेलं सगळं ते डेस्टिनेशनमधून उडवतं. कॉपी झाली की शेवटच्या तक्त्यात फेल्डचा रकाना शून्य आहे का बघा, मगच जुन्याला हात लावा.

ड्राइव्ह मधेच गायब होत असेल तर

वरचं सगळं करूनही ॲप चालू असताना कॅटलॉग सापडत नाही असं येत असेल तर दोष ॲपचा नाही, ड्राइव्ह सुटतोय. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये डिस्क नावाच्या सोर्सखाली १५७ नंबर बघा, त्याचा अर्थ डिस्क अचानक काढली गेली. १५३ म्हणजे वाचायला-लिहायला परत प्रयत्न करावा लागला. एनटीएफएसच्या नावाने ५५ दिसला तर फाइल सिस्टिममध्ये गडबड झालीय, आधी महत्त्वाचं बाहेर काढा आणि मग चेकडिस्क स्लॅश एफ.

केबल आणि पोर्ट इथे फार छळतात. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३ चा ९००, त्यामुळे फिरणारी पोर्टेबल हार्डडिस्क जुन्या पोर्टवर किंवा बिनपॉवरच्या हबवर धापा टाकते. टाइप सी ची केबल चार्जरची असेल तर तिच्यातून बहुतेक यूएसबी २ चाच वेग मिळतो, ४८० मेगाबिट, जिथे यूएसबी ३ ला ५ गिगाबिट मिळतात. कॅटलॉग उघडायला चहा करून येण्याइतका वेळ लागत असेल तर आधी केबल बदलून बघा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्डमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा आणि हार्डडिस्क किती मिनिटांनी बंद व्हावी तेही वाढवा. काही ड्राइव्हना स्वतःच झोपायची सवय असते, ती त्यांच्या डब्यातल्या फर्मवेअरची, तिथे विंडोजच्या सेटिंगचा उपयोग होत नाही.

फॉरमॅट एनटीएफएसच ठेवा. एक्सफॅटमध्ये जर्नलिंग, म्हणजे बदल आधी नोंदवून ठेवायची सोय, नाही, लिहिता लिहिता केबल निघाली तर बरंच काही जाऊ शकतं, आणि क्लस्टर (डिस्क जागा देते ते ठोकळे) मोठे असतील तर हजारो छोट्या थंबनेलना विनाकारण जास्त जागा लागते. फॅट३२ तर नकोच, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेतच नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून एक्स्टर्नल ड्राइव्हला क्विक रिमूव्हल डीफॉल्ट आहे, त्यामुळे लोक थेट ओढून काढतात, पण ॲप उघडं असेल तर डेटाबेस अर्धवट राहू शकतोच. आधी ॲप बंद, मग इजेक्ट.

मॅकवाल्यांसाठी थोडं. फोटोजची लायब्ररी हलवायची तर ड्राइव्ह एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड पाहिजे, आणि ऑप्शन की दाबून ॲप उघडलं की कुठली लायब्ररी ते विचारतं. तोच ड्राइव्ह टाइम मशीनला वापरू नका. ॲपला ड्राइव्ह दिसत नसेल तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये फाइल्स अँड फोल्डर्समध्ये त्या ॲपला रिमूव्हेबल व्हॉल्यूम्सची परवानगी आहे का बघा. आणि लिनक्सवर एफएसटॅबमध्ये (कुठला ड्राइव्ह कुठे जोडायचा त्याची फाइल) डिव्हाइसचं नाव नको, यूयूआयडी, म्हणजे ड्राइव्हचा स्वतःचा आयडी, टाका आणि सोबत नोफेल हा पर्याय, नाहीतर ड्राइव्ह नसताना बूटच अडकतं. माउंट पॉइंटचा रिकामा फोल्डर ड्राइव्ह काढलेला असताना सीएचॲटर प्लस आय या कमांडने लॉक करून ठेवा, म्हणजे माउंट झालं नाही तर ॲप तिथे लिहूच शकत नाही, एरर देतं.

सगळं लावून झालं की एक टेस्ट कराच, मी ती तिसऱ्या वेळेनंतर केली, पहिल्याच वेळी करायला हवी होती. ॲप बंद करा, ड्राइव्ह इजेक्ट करून केबल काढा, आणि मुद्दाम ॲप उघडा. ते हसतमुखाने रिकामी लायब्ररी दाखवत उघडलं तर समजा फॉलबॅक, म्हणजे ती सी वरची गुपचूप सोय, अजून जिवंत आहे, सी वर नवा फोल्डर कुठे झाला ते शोधून काढा. तो काढून त्याच नावाची एक रिकामी फाइल तिथे ठेवून दिली, एक्स्टेन्शन नसलेली, तरी बऱ्याचदा काम होतं, कारण त्या नावाची फाइल असताना तिथे त्याच नावाचा फोल्डर होत नाही. एखादं ॲप यावर क्रॅश होईल, ते परवडलं. माझं आता ड्राइव्ह नसला की कॅटलॉग सापडत नाही एवढं बोलून बंद होतं.